संगणकांतील दुभाषी

भिन्न भाषा बोलणाऱ्या दोन दरबारांची गांठ पडली म्हणजे मध्यें दुभाषी लागतो. कोणालाहि आपली भाषा सोडावी लागत नाहीं, हा त्याचा उपयोग. आणि त्याच्या एका चुकीनें अर्थाचा अनर्थ होतो, हा त्याचा धोका. संगणकांत मराठी अक्षरें कशीं आलीं याचा इतिहास म्हणजे बव्हंशीं अशा दुभाष्यांचाच इतिहास होय.

इ. स. १९८० नंतर आपल्या कचेऱ्यांत जे संगणक आले, त्यांवरील वर्डस्टार, डीबेस इत्यादि आज्ञावल्या रोमन अक्षरें गृहीत धरून लिहिलेल्या होत्या. त्या मराठीसाठीं पुन्हां लिहाव्या, तर प्रत्येकीचा कर्ता निराळा, आणि मूळ संहिता त्याच्या कुलपांत. कानपूरच्या आय. आय. टी. मध्यें या प्रश्नाचा अभ्यास झाला होता. १९८८ मध्यें पुण्यास सी-डॅक ही संस्था निघाल्यावर तें काम तेथें आलें, आणि श्री. मोहन तांबे व त्यांचे सहकारी यांनीं जिस्ट कार्ड पुढें आणलें. हें कार्ड संगणकाच्या पोटांत बसवीत; आज्ञावलीस त्याचा पत्ताहि नसे. कळफलकावरून आलेलें अक्षर संकेतांकांत बदलून तें तिच्या हातीं देई, आणि तिनें परत दिलेले संकेतांक जुळवून पडद्यावर देवनागरी उमटवी. 'क्ष' हें आज्ञावलीच्या लेखीं तीन चिन्हें: क, हलन्त आणि ष, वाचकाच्या दृष्टीस मात्र एकच अक्षर. ही तफावत दोघांसहि न जाणवूं देतां भरून काढणें, हेंच त्याचें कौशल्य.

या दुभाष्याजवळ एक कोशहि होता. भारतीय मानक ब्यूरोनें १९९१ मध्यें मान्य केलेल्या 'इस्की' संकेतांत ब्राह्मीपासून निघालेल्या लिप्यांतील 'क' ला एकच संकेतांक होता. त्यामुळें मराठी नांवांची यादी बंगाली वा तेलुगू लिपींत आपोआप उमटवितां येई.

पुढें विंडोजचें युग आलें. अक्षरें चित्रांप्रमाणें रेखाटलीं जाऊं लागलीं आणि कार्डाची मध्यस्थी संपली. फाँट विकणाऱ्यांनीं अक्षरांच्या तुकड्यांना आपापले संकेतांक दिले. एकाचा मजकूर दुसऱ्याच्या संगणकावर निरर्थक चिन्हांची रांग होऊन बसे. १९९१ मध्येंच निघालेल्या युनिकोडाच्या पहिल्या आवृत्तींत देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या रूपावरून घेतलेली होती. परंतु नेहमींच्या वापरांत ती येण्यास पुष्कळ वर्षें गेलीं. तोंपर्यंत सांचलेला मजकूर युनिकोडांत आणण्यासाठीं परिवर्तक हे नवे दुभाषी जन्मास आले.

यांची परीक्षा मराठींत फार कठीण. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' यांत फरक एवढ्याशा रेघेचा. पण परिवर्तकानें तो सोडला, तर गुरूला द्यावयाची दक्षिणा स्वयंपाक्यास जावयाची!

आज नागपूरच्या दक्षिणेस बेसा येथें बसून कोणी युनिकोडांत पत्र लिहिलें, तर पुण्यास वा लंडनास तें दुभाष्यावांचून वाचतां येतें. दुभाष्यानें वेळ निभावते. व्यवहार टिकतो तो समान संकेतानें. तथापि जुन्या फाँटांत अडकलेला मजकूर अजून आहे, आणि त्या फाँटांची खूण ओळखणारीं माणसें आहेत तोंपर्यंतच तो सोडवून घेणें सोपें आहे. पुढें मोडीच्या दप्तरांप्रमाणें त्याच्याहि वाचकाचा शोध करावा लागेल. मात्र मोडीचा कागद निदान डोळ्यांना दिसतो तरी!