डबा मेला म्हणून डेटा मरत नाही

चार-सहा डिस्कचा नॅस बंद पडला, की फोटो स्टुडिओत, सीएच्या ऑफिसात किंवा छापखान्यात तीन मते हमखास ऐकू येतात. डबाच गेला म्हणजे आतले सगळे गेले, हे पहिले. वाचवायचेच असेल तर तंतोतंत त्याच मॉडेलचा डबा मिळवा, हे दुसरे. आणि डिस्क ज्या कप्प्यात होत्या त्याच कप्प्यात बसवा, एक जरी इकडची तिकडे झाली तर रेड मोडलीच, हे तिसरे. सांगणारे इतक्या ठामपणे सांगतात की ऐकणारा एक तर बाजारातून गेलेल्या मॉडेलसाठी सेकंडहँडची दुकाने पालथी घालतो, नाही तर डेटा रिकव्हरीवाल्यापुढे हात जोडतो. सिनॉलॉजी, क्यूनॅप अशा सर्रास वापरातल्या डब्यांपुरते बोलायचे, तर ही तिन्ही मते टिकत नाहीत. पण तिन्हींना कुठे ना कुठे आधार आहे, आणि तो तपासल्याशिवाय खंडन पुरे होत नाही.

डब्यात असते तरी काय? प्रोसेसर, मेमरी, वीजपुरवठा, पंखा आणि यंत्र जागे करण्यापुरती एक फ्लॅश चिप. विजेचा झटका थेट डिस्कपर्यंत पोचला नसेल, तर यातले काहीही निकामी झाले तरी डिस्कवरच्या नोंदी जागच्या जागी राहतात. २०१७च्या सुरुवातीला इंटेलच्या अ‍ॅटम सी२००० या प्रोसेसर-मालिकेतला दोष उघड झाला. घड्याळाचा संकेत देणारा तिचा भाग काळाच्या ओघात झिजे आणि एके दिवशी यंत्र सुरूच होत नसे. सिनॉलॉजीचे डीएस१५१५ प्लस आणि डीएस१८१५ प्लस हे डबे याच मालिकेवर चालत. त्यातल्या बंद पडलेल्या डब्यांमध्ये बिघाड प्रोसेसरचा होता, डिस्कचा नव्हता.

आता तिसरे मत आधी घेऊ, कारण दुसऱ्याचे उत्तर त्यातच दडले आहे. या डब्यांमधली रेड बहुतांशी लिनक्सचीच असते आणि ती एमडीअ‍ॅडम या साधनाने चालवली जाते. रेड बांधताना प्रत्येक डिस्कवर सुपरब्लॉक नावाची नोंद लिहिली जाते. समूहाचा ओळख-क्रमांक, रेडचा प्रकार, एकूण डिस्क किती, तुकड्याचा आकार किती आणि या समूहात ही डिस्क कितवी, हे सगळे तिच्यात असते. थोडक्यात, प्रत्येक डिस्क आपला सातबारा स्वतःजवळ बाळगून असते. नव्या डब्यात शिरल्यावर प्रणाली कप्प्याचा क्रमांक पाहत नाही, ही नोंद वाचते आणि समूह जुळवते. म्हणून तिसऱ्या कप्प्यातली डिस्क पहिल्यात गेली तरी काही बिघडत नाही.

मग क्रमाचा दंडक आला कुठून? एक उगम जुन्या हार्डवेअर रेड कार्डांत आहे. त्यातली काही कार्डे डिस्कला तिच्या पोर्टवरून ओळखत. दुसरा उगम आजही जिवंत आहे. घाबरलेला माणूस रेड जुळवण्याऐवजी नव्याने बांधण्याची आज्ञा देतो. तेव्हा डिस्क ज्या क्रमाने सांगितल्या जातात तोच क्रम नव्या सुपरब्लॉकमध्ये लिहिला जातो आणि जुना पुसला जातो. क्रम चुकला, किंवा डेटा कुठून सुरू होतो ते अंतर बदलले, तर वाचायला कचराच मिळतो. तेव्हा हा दंडक पुनर्बांधणीचा आहे, स्थलांतराचा नाही. डिस्कवर क्रमांकाच्या चिठ्ठ्या जरूर लावा. पुढे एखादी बिघडली तर ओळखायला सोपे जाते.

क्रमापेक्षा महत्त्वाचे पथ्य दुसरेच आहे आणि ते फारसे कोणी सांगत नाही. सगळ्या डिस्क बसवूनच डबा सुरू करावा. रेड ५ मधली एक डिस्क बाहेर राहिली तरी समूह अपुऱ्या बळावर उभा राहू शकतो. तसा तो चालला की उरलेल्या डिस्कवरच्या नोंदी पुढे जातात, बाहेरची मागे पडते आणि नंतर ती नव्याने भरून घ्यावी लागते. त्या कामात जुन्या डिस्क कित्येक तास पूर्ण क्षमतेने राबतात. आणखी एखादी त्यात दगावली तर रेड ५ कडे उपाय उरत नाही.

राहिले दुसरे मत. सिनॉलॉजीची डीएसएम ही प्रणाली आतल्या प्रत्येक डिस्कवरच्या छोट्या विभागात आरशासारखी जपलेली असते. त्यामुळे वेगळ्या मॉडेलच्या डब्यात डिस्क घातल्या की स्थलांतराचा पर्याय समोर येतो, आणि ही वाट खुद्द कंपनीनेच आखून दिली आहे. अटी मोजक्या आहेत. कप्पे पुरेसे हवेत. जुन्या डिस्कवरची फाइल सिस्टिम नव्या डब्याला कळायला हवी. बीटीआरएफएसचा व्हॉल्यूम फक्त ईएक्सटी४ जाणणाऱ्या मॉडेलात उघडणार नाही. क्यूनॅपमध्ये क्यूटीएस आणि क्यूयूटीएस हीरो असे दोन संसार आहेत. दुसरा झेडएफएसवर उभा असल्याने एकातल्या डिस्क दुसऱ्यात तशाच चालत नाहीत. तेव्हा पाहायचे ते घराणे आणि फाइल सिस्टिम. मॉडेलचा क्रमांक जुळलाच पाहिजे असे नाही. नवा डबा मिळतच नसेल, तर सिनॉलॉजीच्या डिस्क उबुंटू घातलेल्या साध्या पीसीवरही वाचता येतात.

मात्र भीती जिथे खरी आहे ती ठिकाणे झाकून चालणार नाही. ड्रोबोच्या डब्यांत बियाँडरेड ही कंपनीची स्वतःची मांडणी होती. २०२२ मध्ये तिच्या मालक कंपनीने दिवाळखोरीसाठी अर्ज केला, २०२३ मध्ये गाशा गुंडाळायची वेळ आली, आणि डबा बिघडलेल्यांपुढे जुना ड्रोबोच शोधण्यावाचून फारसा मार्ग उरला नाही. वेस्टर्न डिजिटलच्या अनेक माय बुक ड्राइव्हमध्ये, जे नॅस नसून बाहेरून जोडायचे ड्राइव्ह आहेत, यूएसबीच्या छोट्या बोर्डावरच कूटलेखन होते. डिस्क काढून दुसरीकडे जोडली तर अर्थहीन आकडे मिळतात. डीएसएम ७.२ पासून आख्खा व्हॉल्यूम कुलूपबंद करता येतो. त्याची किल्ली डब्यातच ठेवली असेल, तर नव्या डब्यात रिकव्हरी की द्यावीच लागते. म्हणजे प्रश्न मॉडेलचा नव्हेच. डिस्कवरची मांडणी वाचण्याची विद्या आणि कुलपाची किल्ली एकट्या डब्याकडे आहे की डब्याबाहेरही आहे, एवढाच प्रश्न आहे.

यावर कोणी म्हणेल, डिस्क इतक्या सहज हलत असतील तर बॅकअपची गरजच काय? हा आक्षेप उलट्या बाजूने तितकाच चुकीचा आहे. डिस्क हलतात तेव्हा त्यांच्यासोबत चुकून पुसलेल्या फायली, रॅन्समवेअरने बिघडवलेले फोल्डर आणि मरणाला टेकलेल्या डिस्कही हलतात. रेड एखाद-दुसरी डिस्क गेली तर काम चालू ठेवते, त्यापलीकडे काही नाही. शिवाय स्थलांतराची वेळच सर्वांत नाजूक असते: पडद्यावर स्थलांतर आणि नव्याने मांडणी असे पर्याय शेजारी-शेजारी येतात, आणि घाईतले एक बटण सुपरब्लॉकसह सगळे पुसू शकते.

तेव्हा नवा डबा घेण्याआधी विक्रेत्याला कप्पे किती हे विचारून थांबू नका. याच्या डिस्क दुसऱ्या कोणत्या यंत्रावर वाचता येतील, तेही विचारा. रिकव्हरी की आजच कागदावर लिहून डब्यापासून दूर ठेवा. आणि डबा बंद पडलाच, तर सगळ्या डिस्क एकत्र नव्या डब्यात घाला आणि मांडणी नव्याने करण्याच्या बटणाला हात लावू नका.