केंदूरच्या ताम्रपटातली कांची

संत कान्हुराज पाठकांचं गाव म्हणून केंदूरला वारकरी ओळखतात. इतिहासाच्या अभ्यासकांना मात्र हे गाव माहीत आहे ते एका ताम्रपटामुळे. बदामीच्या चालुक्य घराण्यातला शेवटचा राजा दुसरा कीर्तिवर्मा याचं हे दानपत्र शके 672 चं, म्हणजे इ.स. 750 चं. काशिनाथ बापूजी पाठकांनी ते वाचून ‘एपिग्राफिया इंडिका’च्या नवव्या खंडात छापलं. (आडनाव इथेही पाठकच!) मी माहेरची केंदूरची. शाळेत इतिहास शिकवत असल्यामुळे हा मजकूर मी पुन्हा पुन्हा वाचला आहे, आणि त्यातला एक भाग मला दरवेळी थांबवतो.

तो भाग कीर्तिवर्म्याच्या वडिलांचा, दुसऱ्या विक्रमादित्याचा आहे. इ.स. 642 च्या सुमारास पल्लव राजा नरसिंहवर्म्याने बदामी जिंकली होती. त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षांनी विक्रमादित्य पल्लवांच्या कांचीत शिरला. हत्ती, माणकं, रणवाद्यं आणि खट्वांगाचा ध्वज त्याच्या हाती आला. पण शहर त्याने उद्ध्वस्त केलं नाही. राजसिंहेश्वराच्या आणि इतर दगडी देवळांचं ढीगभर सोनं त्याने परत देऊन टाकलं. जेत्याच्या मुलाने बापाची थोरवी सांगताना लढाईइतकंच हे सोनं परत दिल्याचंही कोरून ठेवावं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

राजसिंहेश्वर म्हणजे आजच्या कांचीपुरमचं कैलासनाथ मंदिर. ते बघायला मी मुद्दाम गेले. भोवती वालुकाश्माच्या छोट्या देवळ्यांची रांग, खांबांच्या पायथ्याशी मागच्या पायांवर उभे सिंह, आणि गिलाव्यावर कुठे कुठे उरलेले तांबडे-पिवळे रंग. गाभाऱ्याभोवतीच्या चिंचोळ्या वाटेतून जवळजवळ रांगतच जावं लागतं. तिथून बाहेर पडताना माझ्या पुढच्या बाईंनी हात दिला. त्या मलेशियाहून यजमानांबरोबर आलेल्या. आजोबा रबराच्या मळ्यावर कामाला गेले ते तिकडचेच झाले. तमिळ घरात अजून टिकून होतं, पण कांची त्या पहिल्यांदाच बघत होत्या.

मंडपातल्या एका खांबाच्या मागच्या अंगाला विक्रमादित्याचा कन्नड लेख आहे. धारवाडचा एक विद्यार्थी तिथे उकिडवा बसून अक्षरं लावत होता. ‘विक्रमादित्य’ हे नाव त्याने बोट न टेकवता, हवेतच गिरवून आम्हाला दाखवलं. हे धन मी पाहिलं आणि देवालाच परत दिलं, असा त्या लेखाचा आशय. शेवटी शापही आहे: ही अक्षरं जो नष्ट करील त्याला या नगरीच्या घटिकेतल्या, म्हणजे विद्यापीठातल्या, विद्वानांची हत्या केल्याचं पाप लागेल. परक्या राजाने शापासाठीही कांचीच्याच विद्वानांची आण घातली!

बाईंनी विचारलं, ‘‘ही गोष्ट तुमच्या गावात कशी?’’ मी ताम्रपटाचं सांगितलं. मग आम्ही चौघं कितीतरी वेळ तिथेच बसलो. पोरगा कन्नड सांगे, मी त्यात केंदूरचा मजकूर जोडी, आणि बाई ते तमिळमधून यजमानांच्या कानावर घालीत. त्या दोघांना पुढे कुठे जायचं ते ठरवायचं होतं. पोराने पट्टदकल सुचवलं. कांची जिंकल्याच्या स्मरणार्थ विक्रमादित्याची राणी लोकमहादेवी हिने तिथे बांधलेलं देऊळ, आजचं विरूपाक्ष, त्यांनी बघितलं आणि मला फोटो पाठवले. सणासुदीला अजून फोन येतो.

ताम्रपटावरच्या तारखेनंतर चार वर्षांच्या आत राष्ट्रकूट दंतिदुर्गाने दख्खनची सत्ता घेतली. त्याचा शके 675 चा ताम्रपट कोल्हापूरकडच्या सामानगडाचा. चालुक्यांचं राज्य लवकरच बुडालं.

केंदूरच्या ग्रामस्थांना माझी विनंती आहे. कान्हुराज महाराजांच्या देवळाजवळ एक फलक लावा आणि त्यावर या ताम्रपटाची माहिती लिहा. कांचीच्या देवळाचं सोनं परत केल्याची नोंद आपल्या गावाच्या नावाने ओळखली जाते, हे आपल्या पोरांना शाळेच्या वयातच कळायला हवं.