रोजचा पेहराव कसा जुळवावा? शिरूर-दौंडच्या हवेत रंग, प्रमाण आणि थर

नीटनेटके आणि उठून दिसायचे तर कपाट भरलेले हवे, असा समज आहे. प्रत्यक्षात रोजचा पेहराव तीन गोष्टींवर ठरतो : कोणते रंग एकत्र घातले, कपड्याची लांबी-रुंदी अंगाशी कशी जुळली आणि एकावर एक कपडे कसे चढवले. म्हणजेच रंग, प्रमाण आणि थर. पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातील शिरूर आणि दौंड तालुक्यांत या तिन्ही गोष्टींना दिसण्याइतकेच सोयीचेही महत्त्व आहे. सकाळी गारठ्यात घर सोडायचे, दुपारी उन्हात काम करायचे आणि संध्याकाळी धुळीतून परत यायचे, असा इथल्या अनेकांचा दिवस असतो. पूर्ण दिवस तोच कपडा अंगावर असतो आणि पगारातून कपड्यांसाठी निघणारी रक्कम बेताचीच असते.

इथली हवा, इथला दिवस

लोणावळ्याला वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. त्याच जिल्ह्यातले शिरूर आणि दौंड मात्र सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतात आणि तिथे पाऊस साधारण 500 मिलिमीटरच्या आसपास असतो. त्यातही मोठा पाऊस बहुधा सप्टेंबरात येतो. हवा कोरडी असल्याने दिवस आणि रात्र यांच्या तापमानात मोठा फरक पडतो. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा 10 अंशांच्या जवळ उतरतो आणि दुपारी ऊन लागते. एप्रिल-मे महिन्यांत तो 40 अंशांपर्यंत जातो.

याच हवेत लोक लांबचा प्रवास करतात. दौंड हे पुणे, सोलापूर, मनमाड आणि बारामती या दिशांना जोडणारे जंक्शन आहे. तिथून पुण्याला कामासाठी आणि शिक्षणासाठी रोज ये-जा करणारे पुष्कळ आहेत. शिरूरला, म्हणजे जुन्या घोडनदीला, रेल्वे नाही. तिथली वर्दळ नगर रोडवर, एसटीने आणि दुचाकीने चालते. रांजणगाव, सणसवाडी आणि कुरकुंभ इथल्या कारखान्यांच्या पाळ्या सांभाळणारे वेगळेच. अशा दिवसासाठी कपडे निवडताना आरशाइतकाच घड्याळाचाही विचार करावा लागतो.

रंग : अंग, काठ आणि पोलके

न्यूटनने 1704 मध्ये ‘ऑप्टिक्स’ या ग्रंथात रंग वर्तुळात मांडून दाखवले. पुढे चित्रकारांनी त्यावरून रंगसंगतीचे आडाखे बांधले. चित्रकारांच्या वर्तुळात समोरासमोर येणारे रंग, जसे लाल-हिरवा किंवा पिवळा-जांभळा, एकमेकांना उठाव देतात. शेजारचे रंग, जसे निळा-हिरवा, एकमेकांत मिसळून शांत दिसतात.

हा आडाखा महाराष्ट्रातल्या काठपदराच्या साड्यांत जुनाच आहे. हिरव्या साडीला लाल काठ आणि जांभळ्या साडीला हळदी काठ कोणालाही परके वाटत नाहीत. कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यात विणली जाणारी इरकल साडी आणि त्याच जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डचा खण हे दोन्ही महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहेत. इरकलच्या गडद अंगाला लाल-पांढरा पदर असतो आणि त्यावर वेगळ्या रंगाच्या खणाचे पोलके घातले जाते. यात रंगांचे वाटप ठरलेले असते. सर्वांत जास्त भाग अंगाच्या रंगाचा, त्याहून कमी काठपदराचा आणि सर्वांत कमी पोलक्याचा. दहा वाटे धरले तर सहा, तीन आणि एक असा साधारण हिशेब होतो.

आजच्या कपड्यांना हाच हिशेब लावता येतो. गडद निळी जीन्स आणि त्याच घराण्यातला आकाशी शर्ट हे अंग, वरचे राखाडी जाकीट हा काठ आणि डाळिंबी स्कार्फ हे पोलके. कुर्ता आणि सलवार मोरपंखी असेल तर ओढणी हळदी आणि कानातले किंवा बॅग केशरी चालते. तीनही रंग सारख्या प्रमाणात आले की डोळ्याला कुठे थांबावे हे कळत नाही आणि पेहराव भडक वाटतो.

भडकपणाची भीती वाटत असेल तर एकाच रंगाच्या छटा घ्याव्यात : मोतिया, बदामी, बिस्किटी, गव्हाळी. संत तुकाराम महाराजांची पालखी यवत आणि वरवंड मार्गे दौंड तालुक्यातून जाते, तेव्हा वारकऱ्यांचा पांढरा सदरा, पांढरे धोतर आणि पांढरी टोपी दिसते. त्यावर रंग असतो तो फक्त खांद्यावरच्या भगव्या पताकेचा. एकाच रंगावर दुसऱ्या रंगाचा एकच ठिपका ठेवायचा, ही सगळ्यांत सोपी आणि न चुकणारी रंगसंगती आहे.

रंग निवडताना धुळीचाही विचार करावा. मुरमाड रस्त्याची धूळ काळ्या आणि गडद निळ्या कपड्यावर लगेच दिसते, पांढऱ्यावर डाग पडतो. मातकट, बदामी, राखाडी आणि शेवाळी रंगांवर ती लपते. ‘खाकी’ हा शब्दच फारसीतल्या ‘खाक’ म्हणजे धूळ या शब्दावरून आला आहे. दौंडला राज्य राखीव पोलीस दलाचे गट असल्याने तिथे खाकी रंग रोज दिसतो आणि तो का निवडला गेला हे त्या रस्त्यांवर सहज समजते. लांबच्या प्रवासाच्या दिवशी खालचा कपडा अशा धूळ लपवणाऱ्या रंगाचा आणि वरचा आवडीचा, अशी वाटणी सोयीची पडते.

सावळ्या माणसाने गडद किंवा भडक रंग घालू नयेत, हा सल्ला अजूनही घराघरांत दिला जातो आणि त्यामुळे अनेक मुली वर्षानुवर्षे फिके कपडे घालतात. त्याला आधार नाही. डाळिंबी, मोरपंखी, हळदी, राणी आणि चिंतामणी हे रंग सावळ्या वर्णावर छान खुलतात. त्वचेच्या अगदी जवळ जाणारा रंग मात्र चेहऱ्यापाशी मंद वाटतो, मग वर्ण कोणताही असो. कापड दुकानातल्या दिव्याखाली न पारखता दारात नेऊन दिवसाच्या उजेडात चेहऱ्याजवळ धरावे. कृत्रिम उजेडात निळा आणि जांभळा, काळा आणि गडद निळा यांत गल्लत होते.

प्रमाण : कपडा कुठे संपतो

कापडाइतकेच महत्त्व कपडा कुठे संपतो याला आहे. अंगाचे बरोबर दोन सारखे भाग पडले तर उंची कमी वाटते. एक भाग लहान आणि दुसरा त्याच्या दुप्पट असेल तर बांधा रेखीव दिसतो. शर्ट खोचला की वरचा भाग एक तृतीयांश आणि खालचा दोन तृतीयांश होतो. गुडघ्याखाली जाणारा कुर्ता घातला की हेच उलटे होते आणि तेही चांगले दिसते. अडचण येते ती बरोबर मधे, मांडीच्या सर्वांत रुंद जागी संपणाऱ्या कपड्याने.

दुसरा नियम सैल आणि बसत्या कपड्याच्या जोडीचा. नऊवारीत खाली भरपूर घेर आणि वर अंगाला बसणारी चोळी असते. धोतर सैल, तर त्यावरची बंडी बेताची. हीच जोडी आज पलाझोवर आखूड कुर्ता किंवा सैल शर्टाखाली सरळ पँट अशी होते. वर आणि खाली दोन्ही सैल असेल तर माणूस कपड्यात हरवतो, दोन्ही घट्ट असेल तर दिवसभर वावरता येत नाही.

तयार कपडे घेताना सर्वांत आधी खांद्याची शिवण पाहावी. ती खांद्याच्या हाडावर बसली पाहिजे. कंबर, लांबी आणि बाही शिंप्याकडून थोड्या पैशांत कमी करून मिळते. खांदा बदलायचा तर बाहीसकट सगळे उसवावे लागते. शिवून घेताना शिवणीत माया सोडायला सांगावी, म्हणजे अंग बदलले तरी तो कपडा वाढवून घेता येतो. वाढत्या वयाच्या मुलांच्या गणवेशाला खाली जास्त दुमड ठेवण्याची जुनी सवय याच हिशेबातली आहे.

थर : घोंगडीपासून सनकोटापर्यंत

एका जाड कपड्यापेक्षा दोन पातळ कपडे जास्त ऊब देतात, कारण त्यांच्यामध्ये हवा अडकते आणि तीच अंगाची उष्णता बाहेर जाऊ देत नाही. आतला थर घाम टिपणारा सुती, मधला ऊब धरणारा आणि बाहेरचा वारा अडवणारा असावा.

या भागातल्या मेंढपाळांची घोंगडी हा अशा बाहेरच्या थराचा जुना नमुना आहे. दख्खनी मेंढ्यांच्या लोकरीची ही घोंगडी विणताना धाग्यांना चिंचोक्याची खळ देतात. ती अंथरता येते, पांघरता येते आणि पावसात तिची खोळ करून डोक्यावर घेता येते. एका कपड्याचे अनेक उपयोग ही आजच्या जाकिटाकडूनही ठेवावी अशी अपेक्षा आहे.

उन्हातही थर लागतात. ऊसतोडीला, कांदालागणीला किंवा खुरपणीला जाणाऱ्या बायका साडीवर पुरुषी पूर्ण बाहीचा शर्ट घालतात. त्यामुळे उसाच्या पाचटाने हात कापत नाहीत आणि ऊन थेट अंगावर येत नाही. नगर रोडवर दुचाकी चालवणाऱ्या मुलींचा सनकोट आणि चेहऱ्याभोवतीचा स्कार्फ हे त्याच गरजेचे रस्त्यावरचे रूप आहे. असा कपडा सैल आणि सुती असावा, म्हणजे आत हवा खेळती राहते.

थर चढवताना चार गोष्टी पाळल्या की पुरे :

- आत पातळ, बाहेर जाड. उलट केले तर बाहेरचा कपडा ताणतो आणि चुण्या पडतात.
- थरांपैकी एकच नक्षीचा किंवा चौकड्याचा, बाकीचे साधे.
- बाहेरचे जाकीट आतल्या शर्टापेक्षा स्पष्टपणे लांब किंवा स्पष्टपणे आखूड. बोटभर डोकावणारी कड विसरल्यासारखी दिसते.
- वरचा थर काढल्यावर खालचा कपडा बाहेर घालण्याजोगा असावा.

शेवटची गोष्ट इथे सर्वांत कामाची. दौंडहून सकाळची गाडी धरताना घातलेले जाकीट दहा-अकराच्या सुमारास उतरणारच. खाली जुना, विटका टी-शर्ट असेल तर उकडत असूनही जाकीट काढता येत नाही. मुलाखतीला जाताना तर हे ठरवूनच निघावे : प्रवासात वरून सैल शर्ट किंवा सनकोट, पोहोचल्यावर तो बॅगेत आणि आतला इस्त्रीचा कपडा कोरा.

जिथे सुरक्षितता आधी

ओढणी, पदर आणि लोंबती नाडी दुचाकीच्या चाकात अडकून गंभीर अपघात होतात. गाडीवर बसण्याआधी ओढणी दोन्ही बाजूंनी मागे घेऊन गाठ मारावी किंवा वरून जाकीट चढवून ती आत घ्यावी. कडबाकुट्टी आणि मळणीयंत्राजवळ पदर खोचलेला, बाह्या बसत्या आणि केस बांधलेले असावेत. चुलीपाशी नायलॉन किंवा पॉलिस्टर नको, कारण ते पेटल्यावर वितळून कातडीला चिकटते. कारखान्यात तिथल्या गणवेशाचे आणि बुटांचे नियमच अंतिम. ज्यांचा दिवस गणवेशात जातो, त्यांना आवडीचा रंग जाकीट, बॅग किंवा रुमाल यांत आणता येतो.

थोडे कपडे, जास्त जोड्या

पाच वरचे आणि तीन खालचे कपडे एकमेकांशी जुळणारे असतील तर 15 जोड्या होतात. त्यावर घालायला दोन वेगळे थर असले तर प्रत्येक जोडी तीन प्रकारे घालता येते : नुसती, पहिल्या थरासह आणि दुसऱ्या थरासह. म्हणजे दहा कपड्यांतून 45 पेहराव. त्यासाठी खालचे तिन्ही कपडे साध्या रंगांचे घ्यावेत, उदाहरणार्थ गडद निळा, राखाडी आणि बदामी. नवा कपडा विकत घेण्याआधी तो घरातल्या किमान तीन कपड्यांशी जुळतो का, हे पाहावे. जुळत नसेल तर तो कितीही स्वस्त असला तरी महागच पडतो.

लग्नकार्यात आहेरात आलेल्या साड्या बहुतेक घरांत घडी न मोडता पडून असतात. त्यांचा कुर्ता, ओढणी किंवा जाकिटाचे अस्तर होऊ शकते. काठ बाही आणि घेराला लावला की रंगसंगती आयतीच मिळते.

रंग टिकवण्यासाठी

बोअरचे क्षारयुक्त पाणी साबणाला फेस येऊ देत नाही. साबणाचा थर कापडात राहतो आणि पांढरे कपडे मळकट, रंगीत कपडे निस्तेज होतात. शेवटचे खळबळणे शक्य तितक्या गोड्या पाण्यात करावे. गडद कपडे पहिल्या दोन-तीन वेळा वेगळे भिजवावेत आणि नेहमी उलटे करून सावलीत वाळवावेत, कारण इथल्या उन्हात रंग लवकर विटतो. लोकरीचे कपडे पिळू नयेत, सपाट पसरून वाळवावेत. तुटलेले बटण आणि उसवलेली दुमड त्याच आठवड्यात शिवून घेतली, तर साधा कपडाही वर्षानुवर्षे नीट दिसतो.