संमतीपत्र : सही आणि समज

शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णाकडून लेखी परवानगी घेतली जाते, त्या कागदास संमतीपत्र म्हणतात. त्यावरील सहीला मर्यादा असते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या १६ जानेवारी २००८ च्या निकालाने स्पष्ट झाले.

दिल्लीतील ४४ वर्षांच्या एका अविवाहित महिलेने १९९५ मध्ये दुर्बिणीद्वारे तपासणीसाठी संमतीपत्रावर सही केली. ‘डायग्नॉस्टिक अँड ऑपरेटिव्ह लॅपरोस्कोपी, लॅपरोटॉमीची गरज भासू शकेल’, अशा आशयाचा मजकूर त्यात होता. लॅपरोटॉमी म्हणजे पोट उघडणे. पण उघडून काय काढणार, याचा उल्लेख नव्हता. ती भुलीच्या अमलाखाली असताना बाहेर थांबलेल्या आईची संमती घेऊन गर्भाशय व बीजांडकोश काढण्यात आले. जिवाला तातडीचा धोका नव्हता. सज्ञान रुग्णाच्या वतीने अशा वेळी आईची संमती चालत नाही आणि तपासणीची संमती ही उपचाराची संमती नव्हे, असे न्यायालयाने ठरवले. भरपाई मात्र अवघी २५ हजार रुपये!

उपचाराचे स्वरूप, पर्याय, मोठे धोके व उपचार नाकारल्यास होणारे परिणाम रुग्णास सांगावेत, असे हा निकाल म्हणतो. क्वचित संभवणाऱ्या धोक्यांची जंत्री त्यास अपेक्षित नाही. तेव्हा पानेच्या पाने भरणाऱ्या बारीक छपाईस त्याचा आधार घेता येत नाही. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ मध्ये तयार केलेल्या रुग्णहक्क सनदेनुसार माहिती रुग्णास समजणाऱ्या भाषेत द्यावयाची असते. मराठी रुग्णापुढे, तोही स्ट्रेचरवर असताना, इंग्रजी कागद ठेवल्यास सही मिळते, इतकेच.