यू.सी.एल.ए. ब्रुइन्स पुरुष बास्केटबॉल संघाचे मुख्य प्रशिक्षक

यू.सी.एल.ए. ब्रुइन्स हा अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलस येथील शाखेचा पुरुष बास्केटबॉल संघ आहे. राष्ट्रीय महाविद्यालयीन क्रीडा संघटनेच्या (एन.सी.ए.ए.) स्पर्धेची सर्वाधिक, म्हणजे ११ विजेतेपदे या संघाने मिळवली आहेत. त्यांपैकी १० जॉन वुडन यांच्या प्रशिक्षणाखाली, तर एक जिम हॅरिक यांच्या प्रशिक्षणाखाली मिळाले. त्यामुळे १९७५ नंतरच्या प्रत्येक प्रशिक्षकाची तुलना वुडन यांच्याशी केली जाते.

वुडन यांचा कालखंड (१९४८–१९७५)

वुडन २७ हंगाम मुख्य प्रशिक्षक होते. पहिल्या १५ हंगामांत त्यांना एकही राष्ट्रीय विजेतेपद मिळाले नाही. पहिले विजेतेपद १९६४ मध्ये मिळाले. १९६४ ते १९७५ या १२ वर्षांत संघाने १० विजेतेपदे जिंकली. त्यांपैकी १९६७ ते १९७३ ही सात सलग होती. १९६४, १९६७, १९७२ आणि १९७३ या चार हंगामांत संघ अपराजित राहिला. १९७१ ते १९७४ या काळात संघाने सलग ८८ सामने जिंकले; जानेवारी १९७४ मध्ये नोत्र दाम संघाने ७१–७० असा विजय मिळवून ही मालिका खंडित केली. ल्यू अल्सिंडर (नंतरचे करीम अब्दुल-जब्बार) आणि बिल वॉल्टन हे या काळातील प्रमुख खेळाडू होत. १९७५ च्या अंतिम सामन्यात केंटकीला ९२–८५ असे हरवून वुडन निवृत्त झाले.

वुडन यांच्यानंतरचे प्रशिक्षक

| प्रशिक्षक | कालावधी | विजय–पराभव |
|---|---|---|
| जॉन वुडन | १९४८–७५ | ६२०–१४७ |
| जीन बार्टो | १९७५–७७ | ५२–९ |
| गॅरी कनिंगहॅम | १९७७–७९ | ५०–८ |
| लॅरी ब्राउन | १९७९–८१ | ४२–१७ |
| लॅरी फार्मर | १९८१–८४ | ६१–२३ |
| वॉल्ट हझार्ड | १९८४–८८ | ७७–४७ |
| जिम हॅरिक | १९८८–९६ | १९२–६२ |
| स्टीव्ह लॅव्हिन | १९९६–२००३ | १४५–७८ |
| बेन हाउलंड | २००३–१३ | २३३–१०७ |
| स्टीव्ह अल्फर्ड | २०१३–१८ | १२४–६३ |

१९७५ ते १९८८ या १३ वर्षांत पाच प्रशिक्षक झाले. बार्टो यांनी १९७३ मध्ये मेम्फिस स्टेट संघाला अंतिम सामन्यापर्यंत नेले होते. तेथे त्यांचा पराभव वुडन यांच्याच संघाने केला. यू.सी.एल.ए.ला त्यांनी १९७६ मध्ये अंतिम चार संघांत पोहोचवले, पण सततच्या टीकेमुळे दोन हंगामांनंतर ते अलाबामा विद्यापीठाच्या बर्मिंगहॅम शाखेत गेले. कनिंगहॅम यांनी दोन हंगामांनंतर स्वतःहून पद सोडले. ब्राउन यांचा संघ १९८० मध्ये अंतिम सामन्यात लुईव्हिलकडून ५९–५४ असा हरला. नियमभंगामुळे हे उपविजेतेपदही पुढे रद्द झाले. फार्मर आणि हझार्ड हे दोघेही वुडन यांच्या विजेत्या संघांतील माजी खेळाडू होते.

हॅरिक यांच्या संघाने १९९५ मध्ये अंतिम सामन्यात आर्कान्सासला ८९–७८ असे नमवले. तत्पूर्वी मिसूरीविरुद्धच्या सामन्यात अखेरच्या ४.८ सेकंदांत टायस एडनी यांनी मैदानाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चेंडू नेऊन विजयी गुण मिळवले होते. पुढच्याच वर्षी खर्चाच्या अहवालातील खोट्या माहितीवरून हॅरिक यांना पदावरून दूर करण्यात आले. हाउलंड यांनी २००६, २००७ आणि २००८ अशी सलग तीन वर्षे संघाला अंतिम चारमध्ये नेले, परंतु विजेतेपद मिळाले नाही. २०१३ मध्ये पॅसिफिक-१२ परिषदेचे साखळी विजेतेपद मिळवूनही त्यांची गच्छंती झाली. २०१९ मध्ये आलेल्या मिक क्रोनिन यांच्या संघाने २०२१ मध्ये प्राथमिक फेरीपासून सुरुवात करून अंतिम चार गाठले. तेथे जादा वेळेत गोन्झागाकडून ९३–९० असा पराभव झाला.

तुलना आणि तिच्या मर्यादा

केवळ विजयांची टक्केवारी पाहिली, तर वुडन (८०.८) यांच्यापेक्षा बार्टो (८५.२) आणि कनिंगहॅम (८६.२) सरस ठरतात. तरीही दोघांची गणना अपेक्षेस न उतरलेल्या वारसदारांत होते, कारण येथे यशाचे माप राष्ट्रीय विजेतेपद हेच राहिले. मात्र दोघांनी प्रत्येकी दोनच हंगाम काम पाहिले असल्याने त्यांच्या टक्केवारीची २७ हंगामांच्या टक्केवारीशी थेट तुलना करता येत नाही.

विजेतेपदांची तुलनाही सरळ नाही, कारण स्पर्धेचे स्वरूप बदलत गेले. वुडन यांच्या पहिल्या नऊ विजेतेपदांच्या वेळी स्पर्धेत २२ ते २५ संघ असत आणि विजेतेपदासाठी यू.सी.एल.ए.ला चार सामने जिंकावे लागत. १९७५ मध्ये संघांची संख्या ३२, १९८५ मध्ये ६४ आणि २०११ मध्ये ६८ झाली. १९९५ मध्ये हॅरिक यांच्या संघाला सहा सामने जिंकावे लागले. दुसरीकडे, १९७४ पर्यंत एका परिषदेतून केवळ विजेत्या संघालाच प्रवेश मिळत असल्याने स्पर्धेत पोहोचणेच अधिक कठीण होते.

खेळाडूंचा सहवासही कमी झाला. अल्सिंडर मुख्य संघात तीन हंगाम खेळले. हाउलंड यांच्या संघातील केव्हिन लव्ह एकाच हंगामानंतर व्यावसायिक बास्केटबॉलकडे वळले. संघ घडवण्यासाठी वुडन यांना विजेतेपदाविना १५ हंगाम मिळाले. त्यांच्या नंतरच्या एकाही प्रशिक्षकाला तेवढा एकूण कार्यकाळसुद्धा लाभलेला नाही.