उसना वेग

5 सप्टेंबर 1977, सकाळचे 8 वाजून 56 मिनिटं. केप कॅनव्हेरलच्या दमट उकाड्यात तुमचा सदरा पाठीला चिकटलाय. समोर टायटन-सेंटॉर रॉकेट पेटतं, वर सरकतं, आणि आवाज मागाहून येतो तो थेट छातीत. टोकाशी व्हॉयेजर 1 हे यान आहे. व्हॉयेजर 2 पंधरवड्यापूर्वीच निघालंय. नंबरांचा हा घोळ एवढ्यासाठी, की मागून निघालेलं हेच वाटेत पुढे जाणार आहे.

टाळ्या वाजवायची घाई करू नका. टायटनचा दुसरा टप्पा टाकीत इंधन शिल्लक असतानाच बंद पडलाय. राहिलेला वेग आता वरच्या सेंटॉरनं भरून काढायचा. तो जळतो, जळत राहतो. थांबतो तेव्हा त्याच्या टाकीत 3.4 सेकंद पुरेल एवढंच इंधन उरलेलं असतं.

पृथ्वीच्या तावडीतून सुटायला जमिनीवरून सेकंदाला 11.2 किलोमीटर वेग लागतो. तेवढं जमलं. पण सूर्याचा दोर अजून कमरेला आहे. यानाला असंच जाऊ दिलं, तर शनीच्या कक्षेपर्यंतही न पोचता ते माघारी वळेल.

त्याच्या अंगावर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी बसवलीय. तिच्यात मराठीतला नमस्कार आहे, आणि गोव्यातल्या केरीच्या केसरबाई केरकरांनी गायलेली ‘जात कहाँ हो’ ही भैरवी. भैरवीनं मैफल संपते. इथे ती घेऊन कुणी निघालंय. केसरबाई आज हयात आहेत. 11 दिवसांनी नसतील.

आता 5 मार्च 1979. यानाला घट्ट धरा. खाली गुरूचे पट्टेदार ढग, अंतर पावणेतीन लाख किलोमीटर. सूर्याच्या हिशेबानं तुम्ही इथवर आलात सेकंदाला साधारण 13 किलोमीटरनं. गुरूसुद्धा जवळपास तेवढ्याच वेगानं आपल्या वाटेनं धावतोय. तुम्ही त्याच्या पिछाडीनं जाता. तो खेचतो, तुमची वाट वाकवतो आणि स्वतःच्या धावेतला वाटा देऊन पुढे सोडतो. बाहेर पडता तेव्हा वेग 23 च्या आसपास. या अंतरावरून सूर्याला कायमचं सोडायला 18.5 पुरतात. धक्का बसला नाही ना? बसणार कसा, तुम्ही सगळा वेळ नुसते पडत होतात. गुरू मात्र तेवढ्यानं मंदावला, कुठल्याही घड्याळाला कळणार नाही इतका. हे उसनं फेडायचं नाहीये.

तीन दिवसांनी, वाट तपासायला म्हणून, यान मागे वळून आयो या चंद्राचा फोटो काढतं. दुसऱ्या दिवशी अमेरिकेतल्या पॅसाडिनात यानाच्या वाटेचा हिशेब ठेवणाऱ्या लिंडा मोराबिटो अंधुक तारे शोधायला तो फोटो उजळतात. आयोच्या कडेवर एक छत्रीसारखा ढग उभा असतो. पृथ्वीबाहेर धगधगताना दिसलेला पहिला ज्वालामुखी.