मार : शिल्पातला आणि मनातला

'मार' या शब्दाचे भाषांतर पुष्कळदा 'सैतान' असे केले जाते. आमच्या मते ते दिशाभूल करणारे आहे. ख्रिस्ती परंपरेतील सैतान हा ईश्वराचा बंडखोर शत्रू; मध्ययुगीन युरोपच्या चित्रांत तो शिंगे-शेपटी धारण करून नरकात पापी जनांना छळतो. बौद्ध वाङ्मयातील मार मात्र नरकाचा अधिपती नव्हे. तो कामलोकातील एक वैभवसंपन्न देव आहे.

हा भेद प्राचीन शिल्पकारांनी अचूक ओळखला होता. सांचीच्या स्तूप क्रमांक १ चे उत्तर तोरण पाहावे. त्याच्या मधल्या तुळईवर, मागील बाजूस, एका टोकाला बोधिवृक्ष व रिकामे आसन आहे. मध्यभागी मार एखाद्या राजासारखा बसला असून त्याचे स्थूल, विद्रूप सैन्य पलीकडे आहे. अजिंठ्याच्या लेणी क्रमांक २६ मध्ये, पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात, हाच प्रसंग पुन्हा कोरला गेला. भूमिस्पर्श मुद्रेतील तथागतांभोवती हत्तीवर आरूढ मार, चाल करून येणारे सैन्य, खाली नृत्य करणाऱ्या मारकन्या आणि शेवटी खिन्न बसलेला पराभूत मार अशी ही रचना आहे. मार स्वतः कोठेही कुरूप नाही. मोह देखणा असतो, म्हणूनच तो मोह असतो.

मग सैन्य विद्रूप का? भयाला रूप देण्यासाठी कलावंतांनी पशुमुखे आणि बेढब देह योजले. येथे वाचकांनी सावध राहिले पाहिजे. सुत्तनिपातातील पधानसुत्तात मारसेनेची नावे दिली आहेत: काम, अरती, भूक-तहान, तृष्णा, आळस, भय, संशय इत्यादी. स्वतःची थोरवी मिरविणे व इतरांना तुच्छ लेखणे यांचीही गणना त्याच सेनेत केली आहे. म्हणजे ही सेना कोणत्याही मानवसमूहाची नाही.

'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात परमपूज्य बाबासाहेबांनीही मार म्हणजे मनात शिरणारे दुष्ट विचार व विकार असाच अर्थ लावला आहे.

ज्या देशात माणसांना जन्मावरून अपवित्र ठरविले गेले, तेथे या अर्थाचे मोल मोठे आहे. दुसऱ्याच्या मुखात राक्षस शोधणारा मनुष्य, पधानसुत्ताच्या न्यायाने, स्वतःच मारसेनेत दाखल झालेला असतो. अजिंठ्याच्या त्या भिंतीसमोर उभे राहताना आपण हे विसरू नये.